दुसऱ्याचें गीत, आपला गळा

दुसऱ्यानें गाजविलेलें गीत आपण पुन्हां गाणें हा अमेरिकेंतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यवहारांत नित्याचा प्रकार आहे, आणि नित्याचा म्हणूनच टीकाकार त्याकडे फारसें लक्ष देत नाहींत. आमच्याकडे गुरूची चीज शिष्यानें गावी यांत कोणास वावगें वाटत नाहीं. कारण चीज ही कोणा एका गळ्याची मालमत्ता नसते. तेथील स्थिति निराळी. तेथें गीत एका विशिष्ट आवाजासह तबकडीवर कोरलें जातें व तो आवाज श्रोत्यांच्या कानांत कायमचा बसतो. मग दुसरा कोणी तेंच गाऊं लागला कीं तुलना अटळ होते. ही तुलना जाणूनबुजून ओढवून घेणाऱ्या एका गायकाविषयीं येथें चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधील भजनांतून व ब्लूज गीतांतून 'सोल' नांवाची जी गायनपद्धति निघाली, तिच्या अग्रणींपैकीं ओटिस रेडिंग हा एक. त्याची 'ओटिस ब्लू' ही दीर्घ मुद्रिका सप्टेंबर १९६५ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत ११ गीतें आहेत. पैकीं ८ इतरांनीं गाजविलेलीं, आणि त्या आठांत ३ एकट्या सॅम कुकचीं. कुक तेव्हां हयात नव्हता. ११ डिसेंबर १९६४ रोजीं लॉस अँजेल्स येथें, अवघा ३३ वर्षांचा असतां, गोळी लागून तो मृत्यु पावला होता. त्याच महिन्यांत त्याची एक तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस 'शेक' हें नाचाचें गीत, दुसऱ्या बाजूस 'अ चेंज इज गॉना कम'. रेडिंगनें या तबकडीच्या दोन्ही बाजू उचलल्या. हें एक प्रकारचें श्राद्धच म्हणावयाचें.

पण श्राद्ध करणाऱ्यानें मृताचा वेष धारण केलेला नाहीं, ही यांतील मुख्य गोष्ट. कुकचा गळा रेशमी. 'सोल स्टरर्स' या भजनी मेळ्यांत तो तयार झालेला. स्वर वर नेऊन, किंचित् लहरवून तो असा खालीं आणी कीं श्रम कोठें दिसूं नयेत. रेडिंगचा आवाज खरखरीत. शब्द मध्येंच तोडून, एकेका अक्षरावर पुन्हां पुन्हां आघात करून तो गातो. उमेदवारीच्या काळांत त्यानें लिटल रिचर्ड या आपल्याच मेकन गांवच्या गायकाचें अनुकरण करून पाहिलें होतें. त्या मुद्रणांत रेडिंग शोधावा लागतो. १९६५ पर्यंत तें शहाणपण त्याला आलें होतें.

मूळ 'चेंज' गीताची कथा प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९६३ मध्यें लुइझियानांतील श्रीव्हपोर्ट येथें कुकला व त्याच्या मंडळींना वर्णामुळें एका उतारगृहांत जागा नाकारण्यांत आली. पुढें जानेवारी १९६४ मध्यें हें गीत मुद्रित झालें. रेने हॉलनें त्यास तंतुवाद्यें, फ्रेंच हॉर्न व नगाऱ्यासारखी टिंपनी यांची भारदस्त साथ योजिली. कुक तें न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या सभ्य गृहस्थाप्रमाणें गातो. दुःख मोठें, पण स्वर कोठेंही तोल सोडीत नाहीं. त्या तोलांतच त्याचा स्वाभिमान आहे.

रेडिंगनें तंतुवाद्यें काढून टाकलीं. मेम्फिस येथील मॅक्लेमोर अव्हेन्यूवर एका जुन्या चित्रपटगृहांत 'स्टॅक्स' कंपनीचा मुद्रणकक्ष होता. तेथें जुलै १९६५ मध्यें सुमारें एका अहोरात्रांत ही जवळजवळ सारी मुद्रिका तयार झाली. साथीला गोरे व काळे वादक एकत्र बसत, ही त्या शहरांत त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. भर पितळी वाद्यांवर. त्यांच्या ओळी रेडिंग स्वतः तोंडानें गुणगुणून वादकांना सांगत असे. त्यामुळें तीं नुसती साथ करीत नाहींत. मागें उभ्या असलेल्या भजनकऱ्यांप्रमाणें उत्तर देतात. चाल संथ झाली आणि कुकनें आवरलेला हुंदका येथें बाहेर पडला.

आमचें मत विचाराल तर मूळच श्रेष्ठ. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कुकनें गाइलें तेव्हां उतारगृहांतील भेदभाव बंद करणारा नागरी हक्कांचा कायदा व्हावयाचा होता. तो जुलै १९६४ मध्यें झाला. रेडिंग गाऊं लागला तेव्हां त्यास वर्ष उलटून गेलें होतें. कागदावर पालट झाला होता. तोच शब्द कुकच्या मुखीं आशा म्हणून येतो, तर रेडिंगच्या मुखीं थकलेली तगादेखोरी म्हणून. मूळ गीताचा असा नवा अर्थ उघड करणें हें टीकाकाराचेंच काम. तें येथें गायकानें केलें आहे.

सर्वच प्रयत्न साधले आहेत असें नाहीं. 'शेक' मध्यें तो कुकवरहि मात करतो. 'वंडरफुल वर्ल्ड' हें शाळकरी प्रेमाचें हलकें गीत मात्र त्याच्या वजनाखालीं दबतें. 'माय गर्ल' या टेम्प्टेशन्सच्या गीतांत तर त्यानें मूळ बांधणी जवळजवळ तशीच ठेविली, आणि म्हणूनच तें या मुद्रिकेंतील सर्वांत निर्जीव झालें आहे. रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' मध्यें गिटारीची ती सुप्रसिद्ध ओळ पितळी वाद्यांकडे दिली आहे; गंमत आहे, यापलीकडे आम्हांस त्यांत कांहीं आढळलें नाहीं.

याच मुद्रिकेंत रेडिंगनें स्वतः रचलेलें 'रिस्पेक्ट' आहे. घरीं परतणाऱ्या पुरुषाची तींत मागणी होती. १९६७ मध्यें अरेथा फ्रँकलिननें तें घेतलें, स्त्रीच्या तोंडीं घातलें, आणि तेव्हांपासून तें तिचेंच झालें. त्या वर्षीच्या जूनमध्यें कॅलिफोर्नियांतील माँटरे येथील संगीतमहोत्सवांत रेडिंगनें, हें गाणें एका मुलीनें माझ्यापासून नेलें, अशा अर्थाचें श्रोत्यांना हंसत सांगितलें आणि मग तेंच गाइलें. त्या रात्रीं त्यानें आरंभ केला होता तो कुकच्या 'शेक' नें.