व्होल्ट आहेत, मग ब्रेक का लागत नाही?

अमेरिकेत पिकअप ट्रकमागे घरगाडी, घोड्यांची गाडी किंवा मालाचा ट्रेलर जोडून लांबचा प्रवास करणे ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतात. तिकडे मात्र जड ट्रेलरच्या चाकांत बहुतेक वेळा विजेवर चालणारे ब्रेक असतात. प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. प्रवाह सुरू झाला की तो ड्रमच्या पोलादी तोंडाला चिकटतो, फिरत्या ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेली तरफ ब्रेक शू ड्रमवर दाबते. चुंबकांना वीज किती द्यायची हे चालकाजवळची एक छोटी पेटी ठरवते. तिला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. ह्या पेटीबरोबर येणाऱ्या पत्रकात शेवटी बिघाड शोधण्याचा तक्ता असतो: लक्षण, कारण, उपाय. विज्ञानलेखनाचा नमुना म्हणून हे तक्ते कसे उतरतात, ते पाहू.

त्यांची जमेची बाजू आधी सांगितली पाहिजे. टेकोन्शा कंपनीच्या ‘प्रॉडिजी’ कंट्रोलरच्या पडद्यावर ट्रेलर जोडलेला नसल्यास ‘एन. सी.’ आणि शॉर्ट सर्किट झाल्यास ‘एस. एच.’ अशी अक्षरे येतात. शॉर्ट दिसला तर ट्रेलरचा प्लग काढून पाहावा. अक्षरे तशीच राहिली तर दोष ट्रकमध्ये, गेली तर ट्रेलरमध्ये. एका कृतीत शोधाचे क्षेत्र निम्मे झाले. प्रयोगशाळेत शिकवायला हवी ती हीच रीत.

आमची तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. ‘ब्रेक कमी लागतो’ ह्या लक्षणासमोर दोन सल्ले हमखास आढळतात: निळ्या तारेवर व्होल्ट येतात का पाहा, आणि कंट्रोलरची शक्ती वाढवा. दोन्ही फसवे आहेत.

मध्यम आकाराच्या ब्रेकमधील चुंबकाचा रोध सुमारे ३.२ ओहम असतो. चार चुंबक समांतर जोडले की एकूण रोध ०.८ ओहम. बारा व्होल्टला १५ अँपिअर प्रवाह मिळायला हवा. आता परतीच्या पांढऱ्या तारेचा एक सांधा गंजला आणि त्याचा रोध १ ओहम झाला असे धरू. एकूण रोध १.८ ओहम होतो, प्रवाह ६.७ अँपिअरवर येतो आणि चुंबकांच्या वाट्याला जेमतेम ५.३ व्होल्ट उरतात. पण मेकॅनिक चुंबक सोडवून तारांच्या टोकांना व्होल्टमीटर लावतो. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम. त्याच्यापुढे सांध्याचा एक ओहम काहीच नाही, म्हणून मीटर खुशाल १२ दाखवतो. प्रवाहच नाही तर विभवांतर घटणार कुठे? ओहमचा नियम आपण दहावीला शिकवतो, आणि त्याचा नेमका हाच अर्थ तक्त्यातून गळून पडलेला असतो.

पडद्यावरचा आकडाही असाच आहे. पेटीने काय पाठवले ते तो सांगतो, चाकाला काय पोचले ते नाही. चारपैकी एक चुंबक तुटला तरी उरलेल्या तिघांमुळे ट्रेलर ‘जोडलेला’च दिसतो. अशा वेळी शक्ती वाढवली तर तीन चाके जास्त पकडतात, चौथे मोकळे फिरते. गंजलेल्या सांध्याबाबत तर हा उपाय दोष झाकून टाकतो. ब्रेक दाबलेला असताना वरच्या उदाहरणातील सांध्यात सुमारे ४४ वॅट उष्णता निर्माण होते. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. कोलोरॅडोत आयसेनहॉवर बोगद्यापासून डेन्व्हरकडे जाणाऱ्या लांब उतारावर खपत नाही. तिथे काही टनांचा ट्रेलर ट्रकला मागून ढकलत असतो.

ह्या तुलनेत आस आणि ब्रेक बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीची देखभाल पुस्तिका कितीतरी सरस आहे. ती प्रवाह मोजायला सांगते. दर चुंबकाला ३ अँपिअर, दोनांना ६, चारांना १२, सहांना १८. चार चाकांच्या ट्रेलरवर पूर्ण शक्तीला ९ अँपिअरच आले तर एक चुंबक गेला असावा, ही शंका लगेच येते. सर्वच आकडे थोडेथोडे कमी असतील तर तारा आणि सांधे तपासावेत. (बहुतेक साध्या मल्टिमीटरची मर्यादा १० अँपिअर असते. बाराला फ्यूज उडेल, म्हणून एकेक चाक वेगळे मोजावे किंवा एकदिश प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा.) चाकाजवळ होकायंत्र धरून सुई हलते का पाहण्याची युक्तीही प्रचलित आहे. ती छान आहे, पण चुंबक जिवंत आहे एवढेच तिच्यावरून कळते, तो किती जोरात ओढतो हे नाही.

त्या तक्त्यात ३ अँपिअरशेजारी ३.२ ओहम हा रोधही दिलेला आहे. दोहोंचा गुणाकार ९.६ होतो, १२ नव्हे. उरलेले व्होल्ट कुठे गेले, हे वर्गात विचारून पाहावे. उत्तर शोधायला मोटारसायकलची बारा व्होल्टची बॅटरी, तिच्या पुढच्या दिव्याचा बल्ब, बारीक तारेचे लांब वेटोळे आणि एक मीटर पुरे. बल्ब काढून वेटोळ्याच्या टोकाशी व्होल्ट मोजावेत, मग बल्ब लावून पुन्हा त्याच जागी मोजावेत.