तुक्तेनच्या बाजूने

पीटर मॅथिसनचं ‘द स्नो लेपर्ड’ (1978) पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिमबिबट्याची वाट पाहिली. तो दिसतच नाही. परवा पुन्हा वाचताना मात्र लक्ष हमालांकडेच जात राहिलं.

1973 साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर मॅथिसन नेपाळातल्या डोल्पोत गेला. हमाल खिंडीपाशी अडतात, मजुरीवरून घासाघीस करतात. लेखकाला ती खोळंब्याची कटकट वाटते. मला तो त्यांचा हिशेब वाटला. बर्फ त्यांनीच तुडवायचा, ओझंही त्यांचंच!

तुक्तेन या शेर्पात मॅथिसनला गुरू दिसतो. ती पानं सुंदरच आहेत. पण तुक्तेनला हा साहेब कसा दिसला, ते मला कुठेच सापडलं नाही. आई गमावलेला आठ वर्षांचा मुलगा घरी ठेवून आलेला साहेब.