पाण्याचे हक्कदार कोण?

सामाईक साधनसंपत्ती माणसे ओरबाडून संपवितात, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली लिहिले. तसे घडलेच पाहिजे असे नाही, हे एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंनी १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात जगभरचे दाखले देऊन दाखविले. आम्हां वणीकरांना ते चटकन पटते. आमच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्थाच मोजून वाटून घेतात.

परंतु ग्रंथाचा पहिलाच दंडक, हक्कदार कोण ते आधी ठरवावे, मला खटकतो. द्राक्षबागेत राबणारा भूमिहीन मजूर त्या यादीत बसतो कुठे? पुरंदरात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने पाणी दिले. भूमिहीनालाही वाटा ठेवला. नेटकी वाटणी निराळी आणि न्यायाची निराळी. बाईंचे माप पहिलीलाच पुरते.