दफ्तरांतलीं माणसें

कुलवृत्तान्त म्हटला कीं मूळ पुरुष, त्याचा पराक्रम आणि मिळालेलीं इनामें आम्हांस आठवतात. ॲलिसन लाइट या इंग्रज लेखिकेच्या २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कॉमन पीपल’ या ग्रंथांत यांपैकीं कांहींएक नाहीं. गवंडी, सुया घडविणारे कारागीर, खलाशी, मोलकरणी हे लाइटबाईंचे पूर्वज. आणि त्यांचा माग काढण्यास मुख्य साधन काय, तर पॅरिशचीं, म्हणजे गांवच्या चर्चचीं, नोंदपुस्तकें व खानेसुमारीचे तक्ते.

हीं साधनें दिसतात तितकीं भाबडीं नाहींत. इंग्लंडांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद १५३८ पासून ठेवण्यांत येऊं लागली, ती कांहीं गरिबांचीं चरित्रें लिहिण्यासाठीं नव्हे. १७८३ सालीं अशा प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसला व कंगालांस तो माफ झाला. त्यामुळें पुढील अकरा वर्षें कित्येक नांवांशेजारीं दारिद्र्यनिदर्शक असें एकच अक्षर पडलेलें दिसतें. नुकत्या जन्मलेल्या जीवाविषयीं पाद्रीसाहेबांस एवढेंच सांगावेसें वाटलें! १८४१ च्या खानेसुमारींत पंधरा वर्षांवरील वय पांचांच्या पटींत खालीं ओढून लिहिण्याचा हुकूम होता. म्हणून चोवीस वर्षांची स्त्री कागदावर वीसच वर्षांची राहते. घरीं बसून चार पैसे मिळविणाऱ्या बायकांचा धंद्याचा रकाना तर पुष्कळदां कोराच.

लाइटबाईंच्या एका पणजीचा जन्म वर्कहाउस नांवाच्या कंगालगृहांत झाला आणि मृत्यु वेड्यांच्या इस्पितळांत. अशा संस्थांचीं दफ्तरें मोठीं बोलकीं. उलट स्वतःच्या हातांनीं पोट भरलेल्या वर्षांबद्दल दर दहा वर्षांनीं एखादी ओळ मिळावयाची. माणूस कोसळला म्हणजेच सरकार त्याच्याविषयीं सविस्तर लिहितें. यामुळें गरिबाचें सारें आयुष्य म्हणजे निव्वळ दैन्य, असा समज होण्याचा मोठा धोका असतो. बाईंनीं तो बव्हंशीं टाळला आहे, हें आम्हांस या ग्रंथाचें खरें यश वाटतें.

आमची तक्रार निराळी आहे. आरमाराचा आणि बॅप्टिस्ट पंथाचा इतिहास सांगतांना प्रकरणें इतकीं फुगतात कीं ज्याच्यासाठीं तो सांगावयाचा तो खलाशी वा गवंडी गर्दींत हरवतो. सुयांच्या धंद्याचें मात्र तसें झालेलें नाहीं. सुईस टोंक काढतांना उडणारी पोलादाची व दगडाची धूळ छातींत जाऊन ते कामगार अल्पायुषी होत. हें कळल्यावर दफनाच्या नोंदींतील वयाच्या आंकड्याकडे आम्हीं पुन्हां एकदां पाहिलें.