वृत्तसाप्ताहिक आणि निर्वासित विद्यार्थी

परभाषा शिकविताना रचलेल्या पाठांपेक्षा प्रत्यक्ष व्यवहारातील लेखन अधिक उपयुक्त, हे मत शिक्षणशास्त्रात आता रूढ झाले आहे. १९७५ मध्ये सायगावचा पाडाव झाल्यावर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांसारख्या विद्यार्थ्यांसाठी वृत्तसाप्ताहिकांची शिफारस केली जाते, ती याच आधारावर. ती सर्वस्वी चुकीची नाही. छायाचित्रे, नकाशे आणि परिचित विषय यांचे साहाय्य नवशिक्याला निश्चित होते.

तथापि वृत्तसाप्ताहिकाचे गद्य म्हणजे नित्य व्यवहाराची भाषा नव्हे. १९२३ मध्ये निघालेल्या ‘टाइम’च्या उलट्या वाक्यरचनेचे विडंबन १९३६ मध्येच ‘न्यूयॉर्कर’ने छापले होते. इंग्रजी मथळ्यांचे व्याकरणही निराळे असते. तेथे घडून गेलेली घटना वर्तमानकाळात येते आणि उपपदे गळतात. वर्गात शिकविलेला नियम मथळ्यातच मोडलेला दिसतो.

याहून गंभीर प्रश्न अधिकाराचा आहे. ‘बोट पीपल’ हे नाव १९७८-७९ च्या सुमारास वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाले. ज्याने तो समुद्रप्रवास स्वतः केला, त्याला या शब्दांचा केवळ अर्थ विचारणे म्हणजे जाणत्याला अजाण ठरविणे होय. वृत्तात काय सुटले, काय विपर्यस्त झाले, हे इंग्रजीत मांडण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. आपबीती सांगण्याची सक्ती मात्र नसावी. साप्ताहिक हे अनुकरणीय गद्य म्हणून नव्हे, तर तपासण्याजोगी साक्ष म्हणून वर्गात यावे. तेव्हाच परकी भाषा त्याच्या स्वतःच्या उपयोगाची होईल.