परक्या नगरीतील रमाबाई

सेवाकार्याच्या निमित्ताने अंकुशनगरला जाण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याची ही वसाहत साखर कारखान्याभोवती वाढली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, उघड्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की सारा संसार गाडीत भरून मंडळी माघारी जातात. त्याच परिसरातील सुशिक्षित घरांतील मुले आता पुण्यामुंबईस व परदेशी जाऊ लागली आहेत. परक्या ठिकाणी माणूस रुजतो म्हणजे नेमके काय होते? आलेल्याने किती बदलावे, आणि ज्यांच्या दारी तो आला त्यांनी किती? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही पंडिता रमाबाईंचे लेखन पुन्हा वाचावयास घेतले.

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. १८८६च्या आरंभी लिव्हरपूलहून निघून त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी तेथे डॉ. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभास हजर राहणे हे या प्रवासाचे निमित्त होते. काही महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई १८८८च्या अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या.

ग्रंथाची थोरवी वादातीत आहे. राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्म, परोपकार, व्यापार असे एकेक अंग घेऊन लेखिका एका अख्ख्या देशाची मांडणी करते. स्त्रियांच्या संघटित कार्याचे, विशेषतः फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदी चळवळीचे, ती मनापासून कौतुक करते. पण पाहुणी म्हणून तिने डोळे मिटलेले नाहीत. मूळ रहिवाशांवरील अन्याय, कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक, शोभेसाठी टोपीवर खोचलेली पक्ष्यांची पिसे, यांपैकी काहीही तिच्या नजरेतून सुटत नाही. यजमानाचे ऋण मानूनही त्याचा दोष दाखविण्याचे हे धैर्य आजच्या प्रवासवर्णनांतही विरळाच.

तथापि या ग्रंथात एक मोठी उणीव आम्हांस जाणवते. त्यात अमेरिका आहे, पण अमेरिकेत राहणारी रमाबाई फार थोडी आहे. तिची खोली कशी होती, पानात काय पडत असे, मायबोलीत बोलावयास कोणी नसे तेव्हा तिने काय केले, याचा मागोवा घेऊ जाता हाती फारसे लागत नाही. अमेरिकेपूर्वीची इंग्लंडमधील जवळजवळ तीन वर्षे तर या ग्रंथाच्या कक्षेबाहेरच राहिली. १८८३ साली निघालेले ‘इंग्लंडचा प्रवास’ हे छोटेखानी पत्ररूप पुस्तक त्या वास्तव्याच्या केवळ उंबरठ्यापर्यंत नेते.

या मौनाचे कारण काय असावे? आमचा तर्क असा : २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता व त्यामुळे महाराष्ट्र त्यांच्यावर रुष्ट होता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, त्यासाठी त्यांना समाजाचा विश्वास हवा होता. अशा वेळी स्वतःची दुःखे वेशीवर टांगणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी स्वतःला मागे ठेवले व देशाला पुढे केले. हेतू समजतो, पण वाचकाची ओंजळ रिकामी राहते ती राहतेच.

ती भरते त्यांच्या पत्रांनी. सिस्टर जेराल्डीन यांनी जपलेला हा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला व १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींनी रमाबाईंना आश्रय दिला, शिकविले, त्यांच्या लहानग्या मनोरमेला माया लावली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला, त्या घोर दिवसांतही आधार या घराचाच होता. तरी पत्रांतून एक सतत घर्षण ऐकू येते. रमाबाई शाकाहारी राहिल्या, हे काहींना जुन्या जातीचे शेपूट वाटले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, यावरही वाद झाला. रमाबाईंचे म्हणणे साधे होते : लॅटिनमध्ये असे काय पावित्र्य आहे, जे माझ्या देशाच्या जुन्या भाषेत नाही? ख्रिस्ताला त्यांनी जीव दिला होता, पण त्यासाठी ताट आणि भाषा टाकावी हे त्यांना मान्य नव्हते.

येथे आम्हां कॅथलिकांना आपलाच इतिहास आठवावा. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. रमाबाई गेल्या त्याच्या तीन शतके आधी, उलट दिशेने. १५८३ साली भावास धाडलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची वाखाणणी केली, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून निघाले. परक्याने येथे येऊन आपली जीभ बदलली. मात्र आमच्या वेदीवर लोकभाषा येण्यास डिसेंबर १९६३ उजाडावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज संमत केला, तेव्हा रमाबाईंच्या त्या प्रश्नाला सुमारे ऐंशी वर्षे झाली होती.

हे सारे इतरांविषयी लिहून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी हंगामात आलेली एक ऊसतोड करणारी माउली आमच्या मिस्सेस आली. दानार्पणाच्या वेळी तिने जात्यावरच्या चालीत पवित्र मरियेची स्वतः रचलेली ओवी धरली. आम्ही तिला हाताने थांबविले आणि नंतर मायेनेच सांगितले, “बाई, पुस्तकातले गीत म्हणत जा.” ती पुढच्या रविवारी आली, पण अखेरपर्यंत ओठ मिटून बसली. त्यानंतर ती दिसली नाही. तिला वाचता येत नव्हते, हे आम्हांस मागाहून कळले. रमाबाईंची पत्रे वाचताना आम्ही नकळत सिस्टर जेराल्डीनच्या खुर्चीत बसलो होतो, आणि ती खुर्ची आमच्या ओळखीची निघाली. त्या भगिनींच्या प्रेमात उणे नव्हते. आमच्याही नव्हते, असे आम्हांस वाटते. उणे होते ते ऐकून घेण्यात.

म्हणून वाचकांस आमचे सुचवणे असे की, ‘लोकस्थिति’ व पत्रे ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पहिले परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती द्यावे : यजमानाचे गुण घ्यावेत, दोषही पाहावेत, हे त्यातून कळेल. दुसरे मात्र आपण, घरी राहणाऱ्यांनी, वाचावे. येत्या दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील. त्यांच्यातील कोणी मंदिराच्या मागच्या बाकावर येऊन टेकले तर त्यांना गीतांचे पुस्तक देण्याआधी, तुमच्याकडे कोणते गाणे आहे, एवढे विचारावे.