सुभेदारांचे घर

मराठी चरित्रवाङ्मयात सैनिक लढायला निघतो ते वर्णन पानेच्या पाने चालते. पेन्शन घेऊन तो परतला आणि मग राहिला कुठे, हे मात्र दोन ओळींत आटोपते. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि निवाऱ्याला मुकलेल्या म्हाताऱ्या नटासाठी सारा महाराष्ट्र हळहळला. आप्पासाहेब बेलवलकरांपाशी वाणी होती. निवृत्त शिपाई बोलत नाही, म्हणून त्याच्या घराचा प्रश्न वाङ्मयातही मुकाच राहिला, असे मला वाटते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे, पण त्या नजरेने आपण ते वाचत नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. आमच्या उज्जैनहून इंदूरमार्गे काही तासांच्या वाटेवर असलेल्या महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मले. तेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचे चरित्र म्हणून आपण जे वाचतो, त्याची पहिली प्रकरणे खरे तर एका निवृत्त सैनिकाच्या घरशोधाची हकिकत आहे.

क्रम पाहा. नोकरी संपल्यावर रामजींनी मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावी बिऱ्हाड केले नाही. ते दापोलीला गेले. दापोली ही जुनी छावणी आणि लष्करी पेन्शनरांची वस्ती. १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकरही तिथेच राहिले. तिथून रामजी साताऱ्यास बांधकाम खात्यात नोकरीला गेले. १८९६ साली तिथेच भीमाबाई वारल्या. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार, मग मुंबईत डबक चाळीतली एक खोली, आणि शेवटी परळची बी.आय.टी. चाळ. २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

गाव असताना माणूस गावी का गेला नाही? पलटणीत सुभेदार म्हणून सलाम घेतलेल्या माणसाला गावात महारवाड्याची पायरीच ठरलेली होती, हे त्याचे उत्तर मला दिसते. सरकारने पेन्शन दिली, पण पेन्शनीने गावातली जागा बदलत नाही. दापोलीत निदान शेजारी आपल्यासारखे, गणवेश घातलेले होते. त्याच सुमारास महारांची लष्करभरतीही बंद झाली. म्हणजे मुलांना बापाच्या वाटेने बराकीचा आसराही उरला नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ साली, बेळगावात.

आता चरित्रकारांकडे वळू. धनंजय कीर यांचे चरित्र इंग्रजीत १९५४ साली आले, मराठीत १९६६ साली. कीरांची शैली वेगवान. त्यांना नायक लवकर रणात उतरवायचा आहे. रामजींची स्थलांतरे त्यांच्याकडे प्रस्तावनेसारखी येतात. डबक चाळीतला बाप जागा राहून पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवतो, हा प्रसंग ते जिव्हाळ्याने सांगतात. पण त्यातून बापाचा त्याग आणि मुलाची जिद्द एवढाच बोध काढतात. एका खोलीत झोपायला पाळ्या का लावाव्या लागल्या, हा प्रश्न तसाच राहतो. चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. खैरमोडे संग्राहक वृत्तीचे. नाती, माणसे, आठवणी ते जपून ठेवतात. रचना सैल आहे, पण घर शोधणाऱ्या वाचकाला कीरांपेक्षा खैरमोडे अधिक उपयोगी पडतात.

घराचा प्रश्न मध्यभागी ठेवला तो मात्र स्वतः बाबासाहेबांनी. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही त्यांची छोटी टिपणे पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाली. त्यांत ना आळवणी आहे ना अलंकार. वडिलांना भेटायला निघालेली मुले स्टेशनावर ताटकळतात, कारण गाडीवान त्यांना नेत नाही. पुढे परदेशी शिकून बडोद्यास नोकरीला आलेल्या तरुणाला १९१७ साली एका पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले जाते, आणि तो कमाठी बागेत बसून रडतो. बापाची लष्करी पेन्शन आणि मुलाची परदेशी पदवी, दोन्ही एकाच उंबऱ्यावर अडल्या. माझ्या मते मराठी माणसाने घरावर लिहिलेल्या गद्यात या टिपणांचा क्रम फार वरचा लागावा. आपल्या अभ्यासक्रमांनी त्यांना अस्पृश्यतेच्या धड्यात बसवले आणि निवाऱ्याचे साहित्य म्हणून वाचायचे राहून गेले.

हे सारे जुने झाले, असे कुणी म्हणेल. १९७८ साली सैन्याची गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ना नफा तत्त्वावर ती शहरांतून सदनिका बांधते. खडकीला अर्धांगवायू झालेल्या जवानांसाठी निवासाची सोय आहे. ही कामे मोलाची आहेत. पण सदनिकेचे हप्ते ज्याला झेपतात त्यालाच ती मिळते. साधा शिपाई तर ऐन चाळिशीच्या आसपास, मुले शाळेत असताना बाहेर पडतो. फ्रीगंजातलाच अनुभव सांगतो. एका निवृत्त मराठी हवालदाराबरोबर भाड्याच्या दोन खोल्या पाहायला मी हिंडलो. एका घरमालकांनी ‘फौजी’ म्हणून आदराने चहा दिला, मग आडनाव विचारले, आणि म्हणाले, ‘सर, कमरा तो कल ही उठ गया.’ पाटी आठवडाभर लटकलेलीच होती.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने तर चार वर्षांनी बहुसंख्य तरुण परत येणार आहेत. हाती सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पण पेन्शन नाही. रामजींपाशी निदान दरमहाची पेन्शन होती.

म्हणून माझे म्हणणे समीक्षकांना आहे तितकेच चरित्रकारांना. सैनिकाचे चरित्र रणांगणावर संपवू नका. तो कुठल्या गल्लीत खोली मागत फिरला, कुणी दिली, कुणी नाकारली, भाडे किती, हे लिहा. दादरला ‘राजगृह’ उभे राहिले ते सुभेदारांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी, मुलाच्या हातून. निवृत्त शिपायाच्या घराला एक अख्खी पिढी लागली. आजच्या शिपायाच्या घराला किती लागते, याची नोंद मराठीत कुणीतरी ठेवलीच पाहिजे.